खाली कोण आहे?

उडणाऱ्या माणसाचे आपल्याला फार कौतुक. तो पडला तरी आपले डोळे त्याच्याचकडे लागलेले असतात. ज्याच्या डोक्यावर तो पडायचा, त्या बिचाऱ्याची आठवण आपल्याला मागाहून होते.

विमानाचे इंजिन बंद पडले की ते दगडासारखे खाली येते, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. लहान विमान अशा वेळी घारीसारखे तरंगत उतरू लागते. सेसना १५२ या दोन आसनांच्या विमानाला हजार फुटांवरून जमिनीला टेकायला सुमारे दीड मिनिट लागते, आणि तेवढ्या वेळात ते अडीच किलोमीटरांच्या आसपास जाऊ शकते. यंत्र थांबले तरी माणसाची निवड थांबत नाही, ती अशी.

५ मार्च २०१५ रोजी हॉलिवुडचा नट हॅरिसन फोर्ड सांता मोनिकाहून आपले दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विमान घेऊन निघाला. कार्ब्युरेटरमधला एक लहानसा भाग सैल झाला होता. इंजिनाने दगा दिला. धावपट्टी गाठणे शक्य नाही असे दिसताच त्याने जवळचे गोल्फचे मैदान धरले. तो चांगलाच जखमी झाला. खाली मात्र कुणाला ओरखडाही आला नाही.

आता दुसरी घटना पाहा. २ ऑगस्ट २०१७. पोर्तुगालमधला कोश्टा दा कापारिकाचा समुद्रकिनारा सुटीच्या गर्दीने फुलला होता. शिक्षक आणि शिष्य बसलेल्या एका सेसना १५२ चे इंजिन बंद पडले आणि ते विमान वाळूवर उतरले. आतली दोघे सुखरूप बाहेर आली. किनाऱ्यावरचा छपन्न वर्षांचा एक गृहस्थ आणि आठ वर्षांची एक मुलगी मात्र प्राणाला मुकली. समुद्र शेजारीच होता.

'मग पाण्यात का नाही उतरला?' हा प्रश्न आपल्या ओठांवर चटकन येतो. पण आरामखुर्चीत बसून दुसऱ्याला हौतात्म्याचा उपदेश करणे फार सोपे असते. अशा विमानाची चाके पोटात घेता येत नाहीत. ती पाण्यात रुतली की विमान उलटण्याचे भय असते. शिवाय त्या शिक्षकाच्या शेजारी त्याच्या भरवशावर बसलेला आणखी एक जीव होता. जगण्याची ओढ हा काही अपराध नव्हे.

हे सारे मान्य करूनही मला एक भेद विसरता येत नाही. वर बसलेल्याने धोका पत्करला होता. वाळूत खेळणाऱ्या मुलीने तो पत्करला नव्हता. उडण्याचा आनंद एकाचा आणि त्याची किंमत मोजायची दुसऱ्याने, हा हिशेब माझ्या मनाला पटत नाही. त्यातून इंजिन बंद पडलेले विमान जवळजवळ निःशब्द येते. वरच्याला दीड मिनिट मिळते. खालच्याला तेवढेही नाही.

परंतु हा न्याय त्या दीड मिनिटात सुचावा, अशी अपेक्षा कुणाकडून करणार? तेव्हा हात सवयीप्रमाणे चालतात. म्हणूनच विमान शिकवणारे गुरुजी मध्येच इंजिनाची शक्ती कमी करतात आणि शिष्याला विचारतात, 'आता कुठे उतरशील?' या प्रश्नात मला नीतीचे मोठे शिक्षण दिसते. मात्र त्याला आणखी एक शेपूट हवे: 'आणि तिथे कोण आहे?' त्याचे उत्तर जमिनीवर असताना, चित्त शांत असताना मनाशी ठरलेले असेल, तरच ते वर आठवेल. संकटात आपण थोर होत नाही. आधी जे ठरवलेले असते तेवढेच त्या वेळी हाताशी येते.

विमान आपल्यापैकी फार थोडे जण चालवतात. बाटलीत बाण उभा करून वात पेटवणारे मात्र या दिवसांत घरोघर आहेत. बाटली कलली तर बाण कुणाच्या गच्चीत, कुणाच्या अंगणात जाईल, याचा विचार वात पेटण्यापूर्वीच करता येतो. पुढे तो बाणाच्या मर्जीवर असतो. आपल्या हौसेच्या वाटेवर कोण उभे आहे, एवढे वर पाहण्याआधी एकदा पाहून घ्यावे.