नेसाजोगे पातळ

गोधडी हौसेने शिवावी काय, असा प्रश्न आमच्या आजेसासूबाईंना कोणी विचारला असता तर त्यांनी विचारणाऱ्याकडे नुसते पाहिले असते. वाशिम-कारंज्याच्या मुलखात गोधडी, म्हणजे वाकळ, शिवली जाई ती थंडी पडे आणि पांघरुणे पुरत नसत म्हणून. आज आम्ही दोघी जावा दुपारच्या फावल्या वेळी ती निव्वळ आवडीने शिवतो. घरात पांघरुणांची वाण नाही. या आवडीत काही खोटे तर नाही ना, ही शंका गेल्या उन्हाळ्यात मनात शिरली, ती अद्याप गेलेली नाही.

घडले ते असे. रंग उठून दिसावा म्हणून आम्ही एक चांगले सुती पातळ फाडायला काढले होते. थर घालण्यास मदतीला आलेली बाई आयुष्यभर मजुरीने लोकांच्या गोधड्या शिवत आलेली. तिने ते पातळ उजेडात धरले आणि विचारले, "हे तं अजून नेसाजोगं हाये बाई, फाडता कायले?" आम्ही रंगाचे काहीतरी सांगितले. ती पुढे बोलली नाही. खाली जुने धोतर अंथरून, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून, विरलेले तुकडे ती हाताने चाचपून लावीत राहिली. जाड जाडाशेजारी, विरलेले विरलेल्याशेजारी.

कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावण्याविषयी प्रभू येशू जे बोलला, ते संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. तेथील अर्थ निराळा आहे. पण दृष्टान्त शिवणाऱ्या हातांना ठाऊक असलेला आहे. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडते.

आमचा मुलूख कापसाचा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी इंग्रजी अमदानीत मुख्यतः कापूस वाहण्यासाठी घातली गेली आणि कारंजा तिच्याच वाटेवर होते. शेतातला पांढरा कापूस गाडीत बसून गेला. पिकवणाऱ्याच्या अंगावर मात्र झिजलेल्या लुगड्यांचे थर राहिले. ही गोष्ट आठवली म्हणजे गोधडीचे कौतुक करताना जीभ थोडी अडखळते.

तरीही गरजेतून केले तेच खरे आणि हौसेने केले ते नाटक, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. गरजू माणसालाही सुंदर हवे असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यात आपल्या कॅथलिक भगिनीही आहेत, जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. आजेसासूबाईही लाल तुकडा मधोमध यावा म्हणून घातलेला थर उसवीत, असे घरात सांगतात.

आणि चिंध्या आपखुशीने पत्करणारेही आपल्याच वऱ्हाडात होऊन गेले. गाडगेबाबा, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पण त्यांच्या चिंध्या आधीच चिंध्या होत्या. आम्ही तर चिंधी हवी म्हणून धड पातळाला कात्री लावणार होतो. त्या बाईला आमच्या हौसेचे वावडे नव्हते; धावदोरा सरळ आला की तीही मागे सरून पाहत असे. तिला खटकली ती कात्री.

मग ते पातळ तिलाच का दिले नाही, असे कोणी विचारील. हात पुढे झालाही होता. पण त्या क्षणी दिले असते तर तिचा प्रश्न मागणी ठरला असता, आणि तिने काही मागितले नव्हते. आम्ही तिने सांगितली तेवढी मजुरी घासाघीस न करता दिली. एरवी आम्ही घासाघीस करतो, हेही येथे लिहिले पाहिजे.

पातळ घडी करून कपाटात ठेवले आहे. जाऊबाई म्हणतात, नाताळात ते नेसून मिस्साला जावे. गोधडीचा एक कोपरा अद्याप उघडा आहे. तेथे धाकट्याचा शाळेचा जुना सदरा लागेल. त्याच्या खिशाखाली शाईचा डाग आहे, तो वरच्या बाजूला येईल.