खिडकीचे भाडे

पुण्याच्या माणसाने समुद्राविषयी मत देऊ नये, असे मुंबईकरांचे म्हणणे असते. आमच्या कर्वेनगरात पाणी म्हणजे नळाचे. जवळ नदी आहे, पण आपण नदी आहोत हे तिलाही खडकवासल्याचे दरवाजे उघडल्यावरच आठवते. तरीही आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी यंदा बोटीने सहल करायचे ठरवले आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. मी निवृत्त झाल्यापासून ‘याला काय उद्योग आहे?’ यावर सर्वांचे एकमत आहे. चौकशीत जे कळले ते आधी सांगतो. नंतर भांडण झाले, तेही सांगतो.

पहिली गोष्ट, मोसम. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये. मुंबईहून निघणाऱ्या सहली साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. कोकणच्या जुन्या बोटीसुद्धा पावसात बंद असत. ज्यांच्या नावाने आमचे नगर ओळखले जाते त्या अण्णासाहेब कर्व्यांनी तर शाळकरी वयात, भर पावसात, मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराच्या वर मैल पायी तुडवले. कशासाठी, तर परीक्षेसाठी. आणि वय लहान दिसते म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! एवढे चालून आलेला मुलगा लहान कसा दिसला, हे ते परीक्षकच जाणोत.

दुसरी गोष्ट, बोट लागणे. ज्याला वरंधा घाटात एस.टी. लागते त्याने खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमधची खोली मागावी. तिथे हेलकावा कमी. वरच्या मजल्याला ऐट असते, पण डुलतोही तोच जास्त. आलेपाक जवळ ठेवावा. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि बोट हलायच्या आधी घ्यावी. नंतर घेतलेली गोळी बहुधा समुद्राला मिळते.

बोटीचे दरवाजे सुटायच्या बऱ्याच आधी बंद होतात, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. (मुंबईच्या नातेवाइकांना मात्र आधी कळवावे. नाहीतर तेच सहलीला गेलेले असतात.) आणि बेत रद्द केला तर किती पैसे परत मिळतात, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. भरल्यानंतर वाचले तर फक्त रक्तदाब वाढतो.

आता मुख्य मुद्दा, भाडे. जाहिरातीतला ठळक आकडा बहुधा सर्वांत आतल्या, बिनखिडकीच्या खोलीचा असतो. कर, बंदराचा आकार, नोकरवर्गाची बक्षिसी हे सगळे वर. खिडकी हवी तर आणखी पैसे, बाल्कनी हवी तर त्याहून. कर्वेनगरात आम्ही बाल्कनी बंद करून खोली वाढवायला पैसे मोजतो. तिथे त्याच बाल्कनीला भाडे. कोकणच्या बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेले आमचे पोस्टखात्यातले शेजारी म्हणाले, ‘‘अहो, आमच्या बोटीत सगळ्यांत स्वस्त तिकीट डेकचे, आणि डेकवरच सगळा समुद्र! सतरंजी टाकली की झाले.’’ ते खरे आहे. पण त्या सतरंजीवर पहाटे लाटांचे पाणीही यायचे, हे ते सोयीस्कर विसरले.

आणि तो आकडा माणशी असला, तरी एका खोलीत दोघे धरून काढलेला. जो एकटा, त्याने दुसऱ्या रिकाम्या पलंगाचेही भाडे, पुरते किंवा जवळजवळ पुरते, भरायचे. बोटवाल्यांचे म्हणणे, आम्ही माणूस नेत नाही, खोली विकतो. व्यापार म्हणून त्यात चूक काढता येत नाही.

आमच्या मंडळात सहा जोडपी आणि एक बाई. बाई म्हणजे मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. मी आकडे वाचून दाखवले आणि भांडण सुरू झाले.

तळमजल्यावरचे बँकवाले म्हणाले, ‘‘सोपे आहे. खोलीत तिसरा माणूस स्वस्तात जातो. बाईंना कोणाच्या तरी खोलीत वरच्या बर्थवर टाकू.’’ ‘टाकू’ हेच शब्द. कोणाच्या खोलीत, असे विचारताच सहाही जोडपी छताकडे बघू लागली. शिवाय चौऱ्याहत्तराव्या वर्षी रात्री शिडीवरून कोण उतरणार?

‘‘मग आतली खोली घ्या,’’ बँकवाले म्हणाले. ‘‘बाई, तुम्हा एकट्यांना खिडकी कशाला?’’

बाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र आपण कुठे बसलो आहोत ते आठवले. १९०० साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हलवला तो इथेच, हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत. आज त्याच हिंगण्याला आपण कर्वेनगर म्हणतो. त्या काळी नवरा गेलेल्या बाईला शिक्षण कशाला, चांगले लुगडे कशाला, असे प्रश्न सगळा गाव विचारीत असे. विचारणारे दुष्ट नसत, हिशेबी असत. जी गोष्ट दोघांनी वापरायची ती एकीवर वाया घालवू नये, एवढाच त्यांचा हिशेब.

बँकवाल्यांनी उलट अण्णासाहेबांच्याच काटकसरीचा दाखला दिला. हिंगण्याहून फर्ग्युसनला ते रोज चालत जात, वगैरे. जात खरे. पण स्वतःचे पाय झिजवून आश्रमासाठी वाचवणे वेगळे आणि आपल्या सोयीसाठी दुसरीची खिडकी वाचवणे वेगळे. शिवाय ती काटकसरही घरात कोणाकोणाला सोसावी लागली ते बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये पाहावे.

पोस्टवाल्यांनी सुचवले की बाईंचे जादा भाडे सर्वांनी वाटून घ्यावे. ‘‘म्हणजे वर्गणी?’’ बँकवाले. ‘‘तत्त्व म्हणून चुकीचे आहे. उद्या कोणाला मधुमेहाचे जेवण लागले तर तेही वाटून घ्यायचे?’’ मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण मला वाटते, ती वर्गणी नसती झाली. आम्हा बाराजणांना जो स्वस्त दर मिळत होता त्यात आमचे कर्तृत्व ते काय? आमची ही चाळीस वर्षे मला सोडून गेली नाही, याचे श्रेय मी घेतले तर सोसायटीत कोणी मान्य करणार नाही.

तेवढ्यात हीच बोलली. तिने कागदावर काही मांडले नव्हते. म्हणाली, ‘‘आपण बारा आहोत ना? यातले सहाजण केव्हा ना केव्हा बाईंच्याच दरात येणार. कोणते सहा, एवढेच ठरायचे आहे.’’

बराच वेळ कोणी बोलले नाही. बँकवाल्यांच्या हातातला गणकयंत्राचा दिवा आपोआप विझला. बायकांना हा हिशेब आधीच ठाऊक असावा, कारण दचकलो ते आम्ही सहाच. त्या रात्री बँकवाल्या वहिनींनी घरी खिडकीच्या खोलीची मागणी केली, आणि ती मंजूर झाली असे ऐकतो.

बाईंनी वाटणी घेतली नाही. ‘‘पेन्शन आहे मला,’’ म्हणाल्या. ‘‘पस्तीस वर्षे मुलींना ‘खिडकीबाहेर बघू नका’ म्हणून ओरडले. आता मी बघणार.’’ दोघांचे भाडे भरून त्यांनी खिडकीची खोली घेतली. मला अजून वाटते की त्यांनी घ्यायला हवी होती, पण जी घेत नाही तिच्यावर न्याय लादायचा कसा, हे मला कळलेले नाही.

एक मात्र वाचून बरे वाटले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. १९१४ साली देशोदेशींनी करार करून बोटीवरच्या प्रत्येकाला होडीत जागा हवी असे ठरवले. आता सहलीच्या बोटीवर होडीकडे कसे जायचे याची कवायत सर्वांना, बाल्कनीवाल्यांनाही, सक्तीची असते. तिथे बाई एक म्हणूनच मोजल्या जाणार.

पैसे भरून झाल्यावर बँकवाले जरा घुटमळले. त्यांच्या खोलीत सामान मावणार नव्हते. ‘‘बाई, तुमच्याकडे तो दुसरा पलंग रिकामाच आहे. आमची मोठी बॅग त्यावर ठेवली तर चालेल का?’’

‘‘ठेवा की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘निम्मे भाडे आगाऊ.’’