शेकडा चाळीस

गेल्या पौषातील गोष्ट. नागपुरास थंडी चांगलीच पडली होती, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही अंगणात वर्तमानपत्र वाचीत बसलो असता शेजारच्या एका स्नेह्यांची कन्या हातात कागद घेऊन आली. वय तेवीस, आदल्याच वर्षी पदवीधर झालेली, चेहरा हसरा. तिला लहानपणापासून सिकलसेलचा विकार आहे हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि ध्यानात असणे निराळे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिने अर्ज केला होता, आणि तपासणीच्या मंडळापुढे जाताना आपल्या आजाराची हकीकत लिहून न्यावी असे तिला कोणी सुचविले होते. "काका, जरा नीट मराठीत लिहून द्याल का?" असे म्हणून ती पायरीवर बसली, आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "पण लिहायचे काय? माझी तब्येत बरी असते असे लिहायचे, की बरी नसते असे? दोन्ही खरेच आहे."

आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. उपदेश मात्र केला. तू शिकलीसवरलेली, घरचे बरे आहे, मग असा शिक्का कपाळी कशाला मारून घेतेस, उद्या लग्नाचे पाहावयाचे आहे, चार शिकवण्या कर आणि कोणापुढे हात न पसरता राहा, अशा अर्थाचे पुष्कळ काही आम्ही बोललो. तिने ऐकून घेतले, चहा घेतला, कागदाची घडी केली व ती निघून गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस ती आठ दिवस रुग्णालयात होती. तेव्हापासून तिचा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही, आणि आमचा उपदेश आम्हांस दिवसेंदिवस अधिक ओशाळवाणा वाटू लागला आहे. तो प्रश्न वाचकांपुढे मांडण्याचे कारण इतकेच की, असा उपदेश करणारे आम्ही एकटेच नसू.

सिकलसेल हा विदर्भास परका रोग नव्हे. शिकागोच्या हेरिक नामक डॉक्टराने विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन १९१० साली प्रथम प्रसिद्ध केले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आणि मध्य भारतातही तो आहे हे शुक्ल व सोळंकी ह्या नागपूरच्या संशोधकांनी १९५८ साली 'लान्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात दाखवून दिले. पुढे ह्याच शहरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली, आणि त्या कार्यासाठी त्यांस २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२३ च्या जुलैत तर केंद्र सरकारने २०४७ पर्यंत ह्या रोगाचे निर्मूलन करण्याची मोहीमच शहडोल येथून आरंभिली. म्हणजे रोग अनोळखी राहिलेला नाही. रोगी मात्र अजून अनोळखी आहे.

ह्याचे कारण रोगाच्या स्वभावातच आहे. निरोगी मनुष्याची तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. ह्या रोग्याची दहावीस दिवसांत मरते, म्हणून रक्त नेहमीच अपुरे. ती पेशी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकली म्हणजे हाडांत, छातीत, पोटात कळा सुरू होतात. थंडी, ताप, तहान, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरते; कधी निमित्तही लागत नाही. हायड्रॉक्सीयुरिया नामक औषधाने हे झटके पुष्कळांच्या बाबतीत कमी होतात, पण जन्मखोड जात नाही. आणि झटका ओसरला की तोच मनुष्य चारचौघांत चारचौघांसारखा दिसतो. काठी टेकीत चालणारा रस्त्यात भेटला तर आपण वाट देतो. परंतु काल रात्रभर पाय पोटाशी घेऊन कण्हत बसलेली मुलगी आज बसमध्ये आपल्याशेजारी उभी असली तर तिने उठून जागा मागावी अशी तिची छाती नाही, आणि मागितली तर द्यावी अशी आपली बुद्धी नाही.

ह्या मुलीसारख्यांना कायद्याने जवळ केले ते अलीकडे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार सांगितले होते. २०१६ च्या कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, ते एकवीस केले आणि हिमोफिलिया, थॅलेसीमिया व सिकलसेल ह्या रक्ताच्या तीन विकारांस त्यांत स्थान दिले. दरम्यान 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्दही रूढ झाला. शब्द बदलण्यास तिजोरीतून काही काढावे लागत नाही, म्हणून ती सुधारणा सर्वांत त्वरेने झाली असावी. कायद्याची खरी कळ मात्र एका आकड्यात आहे. शेकडा चाळीस किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व मंडळाने प्रमाणित केले तरच बहुतेक सवलती मिळावयाच्या. हे मोजावे कसे याचे नियम २०१८ साली निघाले व २०२४ साली सुधारण्यात आले. बरे, चाळीस भरले तरी पुढे काय? उच्च शिक्षणात शेकडा पाच जागा राखीव आहेत, त्यांत सिकलसेलचा रोगी बसतो. सरकारी नोकरीतही शेकडा चार जागा राखीव आहेत. पण त्या कोणत्या विकारांसाठी याची जी यादी कायद्यातच दिली आहे, तीत रक्ताच्या विकारांचे नाव नाही. महाविद्यालयाच्या दारी ज्यास कायद्याने आपला म्हटले, त्यास कचेरीच्या दारी तोच कायदा ओळख देत नाही. विद्यार्थ्याचा रोग पदवीबरोबर संपतो अशी कायदेकारांची समजूत असावी काय?

राहता राहिली पैशाची मदत. महाराष्ट्रात १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांस मिळणारी रक्कम २०२५ साली दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाली. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवे. याचा अर्थ असा की, बापाला बरी नोकरी असलेली तेवीस वर्षांची मुलगी कायद्याच्या दृष्टीने बापाच्या खिशातच राहावयाची. तिची औषधे, तिचे रिक्षाभाडे, तिचे बुडालेले दिवस हा बापाचा खर्च. आणि बाप निवृत्त झाला म्हणजे काय, हा प्रश्न अर्जात कोठे विचारलेला नसतो. मग अशा मुलीने अर्ज करावाच कशाला? आम्हीही तिला तेच विचारले होते. तिचे उत्तर असे की, "दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते हो काका. एकदा कागद असला म्हणजे तो सांगेल."

शेकडा एकोणचाळीस आणि शेकडा चाळीस यांच्यामध्ये वेदनेचा कोणता अंश असतो, असा खोचक प्रश्न विचारणे सोपे आहे. परंतु तो आमच्या मते तितकासा न्याय्य नाही. पस्तीस गुणांस उत्तीर्ण आणि चौतिसांस अनुत्तीर्ण हा प्रकार आपण शाळेपासून पाहत आलो आहो. कोठे तरी रेघ ओढल्यावाचून राज्य चालत नाही. आमचे गाऱ्हाणे रेघेविषयी नाही. जी वस्तू एका जागी स्थिर नाही तिच्यावर रेघ ओढावयाची कशी, हा खरा पेच आहे. आमच्या शहरातील नाग नदीचेच पाहा. वैशाखात तिच्या पुलावरून जाणारा मनुष्य तिला नदी म्हणावयास कचरतो. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि हीच नदी लोकांच्या घरांत शिरली. आता ह्या नदीची खोली किती, असे कोणी विचारले तर वैशाखातील माप खोटे नाही आणि त्या पहाटेचेही खोटे नाही. पण तिच्या काठी घर बांधणाऱ्यास वैशाखातील माप सांगणारा मनुष्य त्याचा हितकर्ता खचित नव्हे. नियमांत झटक्यांचा मागील इतिहास विचारण्याची सोय आहे हे खरे. तथापि तो इतिहास सिद्ध करावयाचा तो कागदांनी. आणि जो झटका घरीच, आईच्या मांडीवर, गरम पाण्याच्या पिशवीने निभावला, त्याचा कागद कोठून आणावा?

येथे सत्याचा प्रश्न उभा राहतो. त्या मुलीस तिच्या घरातूनच तीन प्रकारचे सल्ले मिळाले होते, व तिन्ही मायेपोटी. तपासणीस जाताना वेणीफणी फार नीट करू नकोस, जरा आजारी दिसू दे, हा एक. नोकरीच्या मुलाखतीत आजाराचे नावसुद्धा काढू नकोस, हा दुसरा. आणि स्थळ पाहावयास आले तर आम्ही काय ते सांगू, तू बोलू नकोस, हा तिसरा. एकाच देहाने तीन दरबारांत तीन साक्षी द्यावयाच्या! अशा वेळी ती थोडे वाढवून सांगेल तर तिला दोष द्यावा काय? कित्येक म्हणतील, जेथे खरे सांगून भागत नाही तेथे थोडे खोटे क्षम्य आहे. आम्हांस हे मान्य नाही. आणि ते सरकारच्या हितासाठी नव्हे, तिच्याच हितासाठी. चांगला दिवस ही अशा रोग्याची कष्टाची कमाई असते. त्या दिवशी वाईट दिवसाचे सोंग आणावयास लावणे म्हणजे उरलेला चांगला दिवसही तिच्याकडून काढून घेणे होय. परंतु हा दोष जिने सोंग आणले तिच्या पदरी घालण्यापूर्वी, सोंगावाचून ज्यांस काही दिसत नाही अशा आपल्या डोळ्यांचा विचार आधी झाला पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. खोटी प्रमाणपत्रे काढणारे लोक आहेत. २०२४ साली महाराष्ट्रातील एका शिकाऊ सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर किती गदारोळ झाला हे वाचकांस स्मरत असेल. सरकारी पैसा हा सर्वांचा पैसा. त्यावर पहारा हवाच. मात्र पहाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात: नको तो आत येतो, किंवा हवा तो बाहेर राहतो. फौजदारी न्यायात आपण शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होऊ नये असे अभिमानाने म्हणतो. तेथे संशयाचा फायदा आरोपीस. रोग्याच्या बाबतीत हाच न्याय उलटा का व्हावा? चोरास जो संशयाचा फायदा मिळतो तो आजारी मुलीस मिळू नये, ही व्यवस्था कोणा एका अधिकाऱ्याने दुष्टपणाने केली असे नाही. ती आपणा सर्वांच्या मनात आधीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात ती काहीशी हलविली. लिहिताना ज्याचा हात आखडतो अशा परीक्षार्थीस चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता. त्यावर न्यायालयाने सांगितले की, प्रमाणित टक्केवारी हा राखीव जागांसारख्या विशिष्ट लाभांचा निकष आहे, ज्यास गरज आहे त्यास सोय नाकारण्याचे ते साधन नव्हे.

आता आमच्या त्या 'हात न पसरण्या'विषयी. आपल्या वर्गास हा शब्द फार प्रिय आहे. परंतु महागाई भत्ता घेताना, गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तीकराची सूट मागताना, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला बँकेत देताना आपला हात पसरलेला असतो असे आपणांस कधी वाटत नाही. वर्षातून एकदा आपण जिवंत आहो असे लिहून देण्यात ज्यांस कमीपणा वाटत नाही, त्यांनी एका मुलीस ती आजारी आहे असे लिहून देण्यात कमीपणा वाटावा अशी अपेक्षा करावी, हे चमत्कारिक नव्हे काय? आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार व विकलता यांत सरकारी साहाय्य मिळावे अशी तजवीज राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी असे सांगितले आहे. वार्धक्य आणि आजार तेथे एकाच ओळीत बसले आहेत. हे तत्त्व कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही हे खरे; पण ते घटनेत लिहिणाऱ्यांनी त्यास भीक म्हटले नव्हते, आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्ही तिच्या अर्जास ते नाव द्यावे हे तर मुळीच शोभत नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्ही त्या दिवशी तिच्या स्वाभिमानाची काळजी केली नाही. आमच्या अंगणात, उन्हात, तिचा आजार आम्हांस नको होता, एवढेच.

फाल्गुनात आम्ही होऊन तिच्या घरी गेलो व तो कागद मागितला. तिने तो जपून ठेविला होता, कोराच. तिच्या आईने दिवा लावला, आणि आम्ही तिघे लिहावयास बसलो. आधी चांगला दिवस लिहिला: किती चालते, किती जिने चढते, किती तास वाचते. मग वाईट दिवस लिहिला. त्यात आम्ही आपल्या सवयीने 'असह्य वेदना' असे शब्द घातले. तिने ते वाचले, हातातून लेखणी घेतली आणि 'असह्य' खोडले.

"असह्य कसे म्हणू, काका? सोसल्याच ना."

आणि खोडलेल्या जागी तिने मागल्या दोन वर्षांतील तारखा, एकेक आठवून, लिहावयास सुरुवात केली. काही तिच्या आईलाच आठवत होत्या.