भूल द्यावी, भुलवू नये



स्वमग्न मुलाच्या दातांवर उपचार करताना पुष्कळदा पूर्ण भूल द्यावी लागते. भूल हा उपचाराचाच भाग आहे. तिच्या वैधतेविषयी शंका नसावी. प्रश्न निराळा आहे. अचलपूरहून अमरावतीच्या रुग्णालयाकडे निघताना आपण त्याला ‘फिरायला जाऊ’ असे सांगतो. हे योग्य आहे काय?

एका मातेने ‘काही देते’ म्हणून आपल्या बालकाला हाक मारली. काय देणार, असे प्रेषितांनी (स.) विचारले. ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसते, तर तिच्या नावे असत्य नोंदले गेले असते, असे त्यांनी बजावले. ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे.

स्वमग्न मूल बहुधा शब्दाचा सरळ अर्थ घेते. म्हणून त्याला खोलीचे छायाचित्र दाखवा, मास्क आधीच हाताळू द्या. प्रखर दिवे वा गोंगाट सहन होत नसल्यास भूलतज्ज्ञांना सांगा. भुकेने रडले तरी लपून दूध पाजू नका. भुलेत पोटातले अन्न फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो.

प्रसंगी हात धरावा लागेल. गरजेपुरती सक्ती क्षम्य आहे. फसवणूक त्या गरजेत बसत नाही. शुद्धीवर आल्यावर ते मूल पुन्हा आपल्याच शब्दावर विसंबणार आहे.