सातबाऱ्यावरचं नाव

धाकट्यानं पुण्याहून कॅलेंडर धाडलं. पान उलटलं तर मधोमध थाळीएवढा काळा गोल. खाली लिहिलेलं : सैयद हैदर रझा, 'बिंदू'. मी रात्री फोन केला.

"काऊन रे, हे का चित्र झालं? मडक्याचं तोंड दिसते."

"दादा, तो मानूस आपल्याच जंगलपट्टीतला हाय. नीट पाह्य."

मग मी वाचत गेलो. रझा 1922 चे, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. वडील जंगलखात्यात. शाळेत चित्त लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढला अन् त्याकडे पाहत बसायला लावलं. चित्रकला शिकले आपल्या नागपुरात, पुढं मुंबईत. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, हे राहिले. आणि 1950 साली शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेले ते साठ वर्षं तिकडंच. घर पॅरिसात, अन् उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या डोंगरावर, गोर्बिओ नावाच्या खेड्यात, चित्रं काढायची जागा. तिथं बसून हा माणूस काढायचा काय? पुष्कळदा तोच शाळेतला ठिपका. वर्षानुवर्षं.

आधी हसू आलं, मग नाही आलं. मीही चाळीसवर मृग त्याच वावरात सरकी टोबतो आहे. मला कोणी विचारत नाही, दरसाल तेच काऊन करतोस म्हणून. रझांच्या चित्रांत 'अंकुरण' नावाचंही आहे. काळ्या मातीत टोबलेलं वर येईपर्यंत ज्याची झोप गेली, त्यालाच ते नाव सुचावं. पण त्यानं माती पाहिली. कसली नाही. इथंच माझं अडतं.

वडील गेल्यावर अकरा एकरांच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. कळंब तालुक्यातली कोरडवाहू जमीन. बोंडअळी आली तेव्हा मी होतो, दुबार पेरणीला मी, कर्ज माझ्या नावावर. तीन वर्षांमागं मी हक्कसोडपत्राचा कागद लिहून आणला. तो म्हणाला, "दादा, पीक तुह्यं, पैसा तुह्या. नाव तेवढं राहू दे."

मी बोलून गेलो, "जो राबते त्याची जमीन. तू पळाला."

रझाही पळालेच म्हणायचे का मग? भारताचं नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. 2010 ला दिल्लीत परतले, 2016 ला चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणं मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना पुरलं. साठ वर्षांनंतर मागितली ती साडेतीन हात जागा.

माझ्यातला शेतकरी लगेच म्हणतो, आठवणीनं तण निघत नाही. मंडल्याच्या जंगलात मोहफुलं वेचत जो राहिला, त्याचं कुठं कॅलेंडर निघालं? खरं आहे. पण हेही खरं की, बांधावर उभा राहून मी माझं वावर नुसतं असं कधी पाहिलेलं नाही. मला तण दिसतं, अळी दिसते, कापसाचा भाव दिसतो. धाकटा मात्र दर जूनमध्ये फोन करतो, "पानी आलं का?" एक मृग त्यानं चुकवला नाही. मी म्हणायचो, "तुले का करा लागते?"

परवा त्याचा पुन्हा फोन आला. "येतो मृगात. रजिस्ट्री करून टाकू. फकस्त आधी दोन तासं मले टोबू दे."

मी बरं म्हणालो. बियाण्याच्या थैल्या आणून ठेवल्यात. कागद अजून पेटीतून काढला नाही.