हात लांबला, म्हणून जबाबदारी आखूड होते काय?

कर्ता कोण आणि करण कोण, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी मांडणी केली आहे. मात्र तेथे ज्याला उपदेश चालला होता, त्याचे धनुष्य त्याच्याजवळच होते. आज कर्ता आणि करण यांच्यात समुद्र पडू शकतो. अशा वेळी कर्माचे ओझे कोणाच्या खांद्यावर, असा प्रश्न मला पडतो.

मोठ्या नियंत्रण-कक्षांत आता संगणक टेबलाजवळ असतोच असे नाही. तो दूरच्या थंड खोलीत ठेवतात. माणसापुढे उरतात पडदा, कळफलक आणि माऊस. जाळ्यातून तिकडचे चित्र इकडे येते आणि इकडच्या बोटांची हालचाल तिकडे जाते.

याच तत्त्वावर ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे असलेल्या ६८ वर्षांच्या एका स्त्रीचे पित्ताशय काढले. तिच्याजवळ 'झ्यूस' नावाच्या यंत्राचे बाहू होते. हाताची हालचाल पोचून तिचे चित्र परत यायला सरासरी १५५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारे सहावा हिस्सा लागत होता.

मग शस्त्रक्रिया केली कोणी? 'वैद्याने यंत्राने पित्ताशय काढले' असे आपण म्हणतो. कर्त्यालाही 'ने' आणि साधनालाही 'ने'! कन्नडात असे होत नाही. तेथे कर्ता प्रथमेतच उभा राहतो. 'इंद' लागतो तो साधनाला. दोन्ही भाषा कानावर असलेल्या आपल्या वाचकांना हा भेद सहज उमजेल. नीतीच्या बाबतीत मी कन्नडाच्या बाजूचा आहे. साधन कितीही लांबचे आणि चतुर असो, कर्त्याने आपली प्रथमा सोडू नये.

यावर कोणी म्हणेल, परिणाम डोळ्यांसमोर दिसत असला की कर्ता आपोआप जबाबदार राहतो. मला ते पुरेसे वाटत नाही. अमेरिकेतील नेवाडाच्या तळावरून अफगाणिस्तानावर वैमानिकरहित विमाने चालवणाऱ्यांनाही चित्र दिसतच होते. पण खाली असलेल्या माणसाला त्यांचा हात थांबवता येत नव्हता, आणि धोका सगळा त्याच्याच वाट्याला होता. स्ट्रासबर्गमध्ये रुग्णाजवळ शल्यविशारद तयारीत उभे होते. तार तुटली असती तर पुढचे काम त्यांनी हाती घेतले असते. म्हणून लांबून कर्म करणाऱ्याकडे दोन गोष्टी मागाव्यात: परिणामाचे चित्र त्याच्याकडे परत यावे, आणि त्याचा हात चुकला तर सावरणारे कोणी तेथे हजर असावे.

ही कसोटी यंत्रापुरती नाही. सही आणि शिक्का हीही लांबवलेली बोटेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नकाशावरची रेघ एका दिवसात अमलात आली. त्या रेघेलगतच्या घरांत कोणती भाषा बोलतात, मुलांच्या शाळेचे काय होते, हे चित्र उलट दिशेने जायला मात्र पिढ्या लागल्या. रेघ कोणत्या बाजूची योग्य, हा वाद येथे मांडायचा नाही. एवढेच म्हणायचे, की परतीची वाट नसलेला हुकूम देणाऱ्याला तो हलकाच वाटतो.

आणि आपणही यातून सुटत नाही. परगावी नोकरी करणारी मुले घरात कॅमेरा बसवून म्हाताऱ्या आईवडिलांना पाहतात. यात वाईट काही नाही, मायेपोटीच करतात. पण रात्री आई न्हाणीघरात घसरली तर शेजारचे कोण धावून येणार, किल्ली कोणाकडे आहे, हे आधी ठरवून ठेवले असेल तरच त्या पाहण्याला सांभाळ म्हणता येईल. तेव्हा कॅमेरा बसवण्याआधी शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी.