परवानगीचे कपडे

डिसेंबर 2020 मध्ये शिर्डीत साईमंदिराच्या आवारात फलक लागले. दर्शनाला येताना भारतीय संस्कृतीला शोभेल असा पोशाख करून यावे, असा त्यांचा आशय होता. भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांनी हे फलक स्वतः येऊन काढण्याचा इशारा दिला आणि 10 डिसेंबरला त्या शिर्डीकडे निघाल्या. नगरच्या अलीकडे, सुप्याजवळ पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. साई संस्थान म्हणत होते, ही सक्ती नाही, विनंती आहे. देसाई म्हणत होत्या, पुजारी अर्ध्या उघड्या अंगाने वावरतात, त्यांच्यासाठी कोणी फलक लावत नाही. योगायोग असा की त्याच आठवड्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट बंद केले. (जीन्सला पुढे मोकळीक मिळाली.) करोनाच्या पहिल्या लाटेतून जेमतेम सावरलेल्या महाराष्ट्राला इतर काळज्या कमी नव्हत्या, तरी पँटच्या कापडासाठी आपण वेळ काढला.

ज्यांच्या दारात हा वाद झाला त्या साईबाबांच्या वेषाचीही एक गोष्ट आहे. दाभोळकरांच्या साईसच्चरितात ती येते. तरुणपणी बाबांची राहणी पैलवानाची होती. मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी त्यांची कुस्ती झाली, बाबा हरले, आणि तेव्हापासून कफनी, लंगोट व डोक्याला फडके असा वेष त्यांनी धरला. मशिदीत राहणाऱ्या, कफनी घालणाऱ्या या माणसाला हिंदू म्हणायचे की मुसलमान, याचा निकाल लावायला लोक आजही बसतात. आज फलक लावणाऱ्यांना तो वेष शोभणारा वाटतो, कारण तो आता मूर्तीच्या अंगावर आहे.

शिर्डीहून शनिशिंगणापूर फार लांब नाही. शिंगणापूरची जुनी रीत अशी होती की पुरुषाने अंघोळ करावी, ओले भगवे वस्त्र नेसावे आणि उघड्या अंगाने शनीच्या चौथऱ्यावर जावे. स्त्रीने मात्र नखशिखांत साडीत असले तरी चौथरा चढायचा नाही. 1 एप्रिल 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले आणि 8 एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा स्त्रियांना खुला केला. कोणाच्या अंगावर किती कापड होते, याचा तिथे कधी संबंधच नव्हता. उघडे अंग पवित्र होते आणि झाकलेले अंग अपवित्र, कारण एकाला परवानगी होती आणि दुसऱ्याला नव्हती. तरुण मुलामुलींच्या कपड्यांवरून आणि फिरण्यावरून जे वाद होतात, ते मला याच चौथऱ्यापाशी येऊन थांबलेले दिसतात.

कापडाच्या बाबतीत आपला नगर जिल्हा खरे तर बराच लवचीक आहे. आजीचे नऊवारी लुगडे कासोट्याचे, पोटरी उघडी टाकणारे. त्यात तिने शेत खुरपले, विहिरीवरून पाणी आणले. पाचवारी गोल पातळ आले तेव्हा ते शहरी थेरांत मोडले. मग तेच सोज्वळ ठरले आणि पंजाबी ड्रेस थेर ठरला. लग्न झालेल्या बाईने ड्रेस घालावा की नाही, यावर कितीतरी घरांत अबोला धरला गेला असेल. आज त्याच घरांतल्या सासूबाई गाऊनवर ओढणी टाकून दूध घालायला डेअरीवर जातात आणि कोणी मान वळवूनही पाहत नाही. नऊवारी तर आता शिवून मिळते आणि संस्कृती म्हणून गॅदरिंगला नेसली जाते. प्रत्येक वेळी जुन्या पिढीने सर्वनाश वर्तवला, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा वर्षांत तीच पिढी दुकानात कापडाचा भाव करताना दिसली.

स्कार्फचे प्रकरण त्याहून गमतीचे. स्कूटीवरच्या कॉलेजच्या मुलीचे डोळे सोडून सगळे तोंड झाकलेले असते. विचारले तर ऊन आणि धूळ. नगर-मनमाड रस्त्याने एकदा गेलेला माणूस हे कारण खोटे म्हणणार नाही. पण तोच स्कार्फ बांधून ती कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसली की शेजारून जाणाऱ्या सख्ख्या काकालाही ओळखू येत नाही. आजीच्या पदराने तिला घरातल्या मोठ्यांपासून झाकले, नातीचा स्कार्फ तिला सगळ्या गावापासून झाकतो. फरक इतकाच की पदर दुसऱ्यांनी घ्यायला लावला होता आणि स्कार्फ तिने स्वतः शोधून काढला. मला हा शोध हुशारीचा वाटतो, आणि तो लावावा लागला याचे वाईटही वाटते.

आता प्री-वेडिंग पाहा. जी मुलगी वर्गातल्या मुलाबरोबर चहा पिताना दिसली म्हणून कॉलेज बंद करण्याची धमकी ऐकते, तिचीच सुपारी फुटली की वडील स्वतः फोटोग्राफर ठरवतात. भंडारदऱ्याला, रंधा धबधब्याला, नाहीतर ज्याला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या कबरीपाशी शूटिंग होते. तोकडा वनपीस, मिठी, कपाळाला कपाळ. मग मंगल कार्यालयात एलईडी पडद्यावर ते सगळे चालू होते आणि मावशी, आत्या, चुलते, सगळी भावकी अक्षता हातात धरून पाहते. मुलगा आणि मुलगी अजून अविवाहितच आहेत. कपडे तेच, जवळीक तीच. आदल्या वर्षी जे लफडे होते ते या वर्षी कौतुक झाले, कारण मध्ये दोन घरांची बैठक झाली. नगरमध्ये मराठा समाजाने 2025 साली लग्नाची जी आचारसंहिता ठरवली, तिच्यात डीजे आणि खर्चाबरोबर प्री-वेडिंगचाही समाचार घेतला आहे. खर्चाची बाजू मला पटते. लाजेची बाजू मात्र उशिरा सुचलेली वाटते.

म्हणून पोशाखावरची चर्चा मला आडवाटेची वाटते. ज्या मुद्द्यावर या जिल्ह्यात माणसे मेली, त्यात कपडे कुठेच नव्हते. जानेवारी 2013 मध्ये नेवासे तालुक्यात सोनईला मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मारले गेले. मुळाशी त्यांतल्या एकाचे मराठा मुलीशी असलेले प्रेम होते. 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. एप्रिल 2014 मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. तो वरच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. नोव्हेंबर 2017 मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलीचा ड्रेस कसा होता, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तिने कोणाशी बोलायचे हे ती ठरवू पाहत होती, एवढाच गुन्हा. आणि याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला 50 हजार रुपये देतो. सरकारची परवानगी आहे, अनुदानासह. गावाची नाही.

आई-बापांची भीती मात्र खोटी नाही, आणि तिची टिंगल करणे सोपे आहे म्हणून ती करू नये. जुलै 2016 मध्ये कोपर्डीची शाळकरी मुलगी गावातच आजोबांच्या घरी मसाला आणायला गेली आणि परतताना तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर वाडीवस्तीवरून सायकलने शाळेला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईच्या पोटात गोळा आला. पण त्या भीतीतून ओढणी नीट घे, लवकर घरी ये, मोबाइल दाखव, हीच उत्तरे निघतात आणि सगळी मुलीच्या वाट्याला येतात. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मध्ये वेगळे टोक धरले. आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड. सभ्यतेचा फलक पहिल्यांदा पुरुषाच्या तोंडावर लागला, म्हणून मला तो ठराव शिर्डीच्या फलकापेक्षा जास्त धीट वाटतो. दंड किती वसूल होईल ते होवो.

तरुणांना लाजच उरली नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या गप्पा थोड्या ऐकाव्यात. त्यांची लाज जागा बदलून बसली आहे. स्लीव्हलेस टॉप घालण्यात त्यांना काही वाटत नाही, पण ब्रेकअपनंतर जुन्या चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणारा मुलगा त्यांच्यात हलकट ठरतो. न विचारता फोटो काढणे, क्लोज फ्रेंड्ससाठी टाकलेली स्टोरी बाहेर नेणे, नको म्हटल्यावर सतत मेसेज करत राहणे, याला ते निर्लज्जपणा म्हणतात. हे नियम ते नेहमी पाळतात असे नाही. मुली तर रोज त्याची किंमत मोजतात. पण नियम आहेत, आणि त्यांच्या मध्यभागी पुन्हा परवानगीच आहे. मात्र ती भावकीने द्यायची नाही, ज्याची त्याने द्यायची. झगडा खरा इथे आहे, आणि यात मी मुलांच्या बाजूचा आहे.

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अधूनमधून एक बातमी येते. कॉलेजजवळच्या कॅफेवर पोलिसांचा छापा, आत प्लायवूडचे कप्पे, पडदे, अंधार. मालकावर गुन्हा, मुलामुलींना समज देऊन सोडले. कधी पालकांना बोलावून घेतले. अशा कप्प्यांत मुलींची फसवणूक होते, ब्लॅकमेल होते, तेव्हा छाप्यांना माझी हरकत नाही. पण त्या कप्प्यांना गिऱ्हाईक कोण पुरवते? बसस्टँडवर दोघे बोलत थांबले तर दामिनी पथक हटकते, बागेत रखवालदार, गल्लीत सगळी गल्ली. उरतो तासावर भाडे घेणारा अंधार, आणि तिथे ओळख वाढत नाही, नुसती घाई वाढते. घरच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, सगळ्यांच्या देखत मुलीच्या मित्राला कपभर चहा मिळाला, तर या कॅफेंचा निम्मा धंदा बसेल. पण चहाचे आधण ठेवण्याआधी त्याला आडनाव विचारले जाणार, आणि बहुतेक घरांत चहा मिळणार की नाही ते त्या उत्तरावर ठरते.